इंजिन बदललेली जुनी डिझेल एसयूव्ही स्वस्तात मिळतेय? टोकन देण्याआधी एवढं बघून घ्या

"गाडी एकदम मख्खन आहे भाऊ. इंजिन आत्ताच टाकलंय. घ्या आणि चालवा, एक रुपयाचं काम नाही."

परभणी, नांदेड, जालना पट्ट्यातल्या जुन्या गाड्यांच्या कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर गेलात तर दिवसाआड असा मेसेज दिसतो. खाली फोटो असतो जुन्या स्कॉर्पिओचा, बोलेरोचा, सुमोचा, नाहीतर एखाद्या जिप्सीचा. रंग नवा, टायर जाड, पुढे मोठा बंपर. किंमत बाजारभावापेक्षा चाळीस-पन्नास हजारांनी कमी. आणि बघणाऱ्याच्या मनात लगेच हिशोब सुरू होतो, की एवढ्या पैशात शेतावर जायला, लग्नसराईला, दवाखान्याच्या धावपळीला चांगली गाडी दारात उभी राहील.

"बनी तो बनी, नही तो परभणी" ही म्हण परभणीकरांना कुणी सांगायला नको. पण गाडीच्या बाबतीत "बनी तो बनी" म्हणून टोकन दिलं आणि पुढे ती बनली नाही, तर दोन-तीन लाखांचा लोखंडाचा सांगाडा अंगणात उभा राहतो. विकता येत नाही, नावावर होत नाही आणि रस्त्यावर काढायची भीती वाटते.

मेसेजमधला "इंजिन टाकलंय" हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा आहे. कारण या एका शब्दात तीन वेगवेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात आणि तिघींचा निकाल वेगळा लागतो.

पहिली गोष्ट, इंजिन "बांधलेलं" असतं. म्हणजे ब्लॉक तोच, नंबर तोच, फक्त आतलं काम केलेलं. लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग बदललेले. ही दुरुस्ती आहे, तिचा कायद्याशी काही संबंध नाही. दुसरी गोष्ट, त्याच मॉडेलचं दुसरं इंजिन बसवलेलं असतं. बोलेरोचं इंजिन गेलं, अपघातात गेलेल्या दुसऱ्या बोलेरोचं इंजिन आणून टाकलं. इथे इंजिनाचा नंबर बदलतो. आणि तिसरी गोष्ट म्हणजे खरा "स्वॅप". सुमोत दुसऱ्याच कंपनीचं इंजिन, जुन्या स्कॉर्पिओत नंतरचं एमहॉक, किंवा पेट्रोलच्या जिप्सीत डिझेल इंजिन.

विकणारा तिन्ही वेळेला एकच वाक्य बोलतो.

हा प्रकार आला कुठून?

आज ऐकायला विचित्र वाटतं, पण एकेकाळी पेट्रोलच्या गाडीत डिझेल इंजिन टाकणं हा शहाणपणाचा व्यवहार होता. आपल्याकडे जीप आली ती पेट्रोल पिणारी विलीज. महिंद्राने पुढे प्यूजो कंपनीच्या परवान्याखाली डिझेल इंजिन बनवायला सुरुवात केली आणि १९८० च्या दशकात एमएम ५४० सारख्या जीप डिझेलवर धावू लागल्या. मग ज्यांच्याकडे जुनी पेट्रोल जीप होती त्यांनीही मिस्त्रीकडे जाऊन डिझेल इंजिन बसवून घेतलं. अँबेसिडरलाही हेच झालं. मराठवाड्यात काळी-पिवळीचा धंदा ज्यांनी केला त्यांना माणशी भाड्याच्या गणितात पेट्रोल परवडणारच नव्हतं.

जिप्सीची गोष्ट तर आणखी वेगळी. मारुतीने १९८५ मध्ये ती बाजारात आणली आणि बंद होईपर्यंत भारतात ती फक्त पेट्रोलमध्येच विकली. हलकी, चिखलात न अडकणारी, पण पेट्रोलची तहान मोठी. त्यामुळे "डिझेल जिप्सी" असं कुणी म्हणालं की एक गोष्ट डोळे झाकून समजावी, ती कंपनीतून तशी आलेली नाही. ती कुणीतरी बनवलेली आहे.

यामागचं खरं कारण भावातला फरक. २०१२ च्या मे महिन्यात दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांवर गेलं तेव्हा डिझेल ४१ रुपयांच्या आसपास होतं. म्हणजे लिटरमागे ३२ रुपये. ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारने डिझेलचे दर बाजारावर सोडले आणि ही दरी भरत गेली.

परभणीला या गणिताचा चटका जास्त बसला, कारण इंधन येतं मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोंमधून. सुमारे तीनशे किलोमीटरची वाहतूक भावात जोडली जाते. राज्यात सगळ्यात महाग पेट्रोल कुठे, या बातमीत म्हणूनच परभणीचं नाव वारंवार यायचं. २०२१ मध्ये साध्या पेट्रोलने शंभरी ओलांडली तेव्हा राज्यातल्या पहिल्या शहरांत परभणी होती. अशा जिल्ह्यात डिझेल एसयूव्हीची ओढ असणं साहजिकच आहे.

पण आजचा हिशोब करून बघा. समजा गाडी वर्षाला १०,००० किलोमीटर चालते. पेट्रोल इंजिन लिटरला १० किलोमीटर देतं, त्याच गाडीतलं डिझेल इंजिन १४ देतं. २०१२ च्या भावाने पेट्रोलचा खर्च ७३ हजार, डिझेलचा २९ हजारांच्या आसपास. म्हणजे खर्चात साठ टक्के बचत. आता पेट्रोल १०५ आणि डिझेल ९२ धरा. पेट्रोलचे १ लाख ५ हजार, डिझेलचे साधारण ६६ हजार. बचत ३९ हजार, म्हणजे सदतीस टक्के. बचत आहे, नाही असं नाही. पण पूर्वीसारखी भावातून येणारी नाही, ती बरीचशी मायलेजमधून येते. आणि मायलेज कधी मिळतं, तर इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचं हाउसिंग यांचं जमलं तरच. बनवलेल्या गाडीत नेमकं तेच बिनसलेलं असतं.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीने दिलेली मूळ वैशिष्ट्यं आणि आरसीवरची नोंद यात तफावत येईल असा बदल मालकाला करता येत नाही, असं हे कलम सांगतं. याला एक मोठी सवलत आहे ती इंधन बदलण्याची. सीएनजी, एलपीजी, बॅटरी किंवा दुसऱ्या इंधनावर गाडी चालावी म्हणून मान्यता असलेला कन्व्हर्जन किट बसवता येतो, ठरवलेल्या अटी पाळून. आता इथे काही जण पळवाट काढतात, की "दुसरं इंधन" म्हटलंय ना, मग डिझेलही चालेल. पण भंगारातून आणलेलं इंजिन आणि गॅरेजमध्ये वेल्डिंग करून बसवलेल्या पट्ट्या म्हणजे मान्यताप्राप्त किट नव्हे. त्यासाठी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासणी आणि मान्यता लागते. गल्लीतल्या मिस्त्रीने बनवलेल्या गाडीकडे असा कागद असण्याची शक्यता जवळजवळ शून्य.

गंमत म्हणजे सरकारचे अलीकडचे नियम उलट्या दिशेने चाललेत. २०२२ मध्ये केंद्राने साडेतीन टनांपेक्षा कमी वजनाच्या बीएस-६ गाड्यांमध्ये डिझेल इंजिन काढून सीएनजी किंवा एलपीजी इंजिन बसवायला परवानगी दिली. डिझेलकडून दूर जायची वाट सोपी होतेय, डिझेलकडे यायची नाही.

या विषयावर सर्वोच्च न्यायालयाचा निकालही आहे. केरळमधल्या के. जयचंद्र प्रकरणात उच्च न्यायालयाने गाडीतल्या बदलांबाबत मालकाच्या बाजूने निकाल दिला होता. आरटीओ त्याविरुद्ध वर गेले आणि ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. कंपनीने ठरवलेली मूळ वैशिष्ट्यं बदलता येणार नाहीत, राज्याचे नियम मूळ कायद्याच्या वर जाऊ शकत नाहीत, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२अ आलं. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

"बदल आधीच्या मालकाने केला, आपला काय संबंध?" असं वाटेल. पण नाक्यावर गाडी थांबते तेव्हा समोर उभा असतो सध्याचा मालक. बदल आपण केला नाही हे पटवून द्यायचं काम त्याच्या गळ्यात पडतं.

आता राहिला त्याच मॉडेलच्या दुसऱ्या इंजिनाचा प्रश्न. जिल्ह्यातल्या बहुतेक खऱ्या व्यवहारांत हाच प्रकार असतो आणि इथे मार्ग निघू शकतो. त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन, आरटीओची मंजुरी, निरीक्षकाने केलेली तपासणी आणि आरसीवर नवीन इंजिन नंबरची नोंद. एवढं झालेलं असेल तर ती गाडी घ्यायला कायद्याची आडकाठी नाही. मंजुरीशिवाय बदल झाला असेल तर तो १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवायचा, असंही कलम ५२ मध्ये आहे. पण तीन मालकांपूर्वी, कुठल्याशा गॅरेजमध्ये, बिलाशिवाय टाकलेलं इंजिन आज नियमित करून घ्यायला गेलात तर पहिला प्रश्न येतो, की हे इंजिन कुठल्या गाडीचं?

आणि याच प्रश्नाला लोक टरकतात. टरकायलाच हवं. उत्तर प्रदेशातल्या मेरठचा सोतीगंज बाजार चोरीच्या गाड्या सुटे करून विकण्यासाठी देशभर बदनाम होता, २०२१ च्या डिसेंबरमध्ये पोलिसांनी तो बंद केला. तिथून आणि तशा इतर बाजारांतून किती इंजिनं कुठे गेली याचा हिशोब कुणाकडे नाही. तुमच्या बोनेटखालचं इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर विषय दंडावर थांबत नाही, पोलीस ठाण्यात जातो.

म्हणून विकणाऱ्याकडे तीन कागद मागायचे. इंजिन विकत घेतल्याचं बिल, ज्या गाडीतून ते काढलं तिच्या आरसीची किंवा नोंदणी रद्द झाल्याची प्रत, आणि आरटीओची मंजुरी. "बिल होतं, पण घर बदलताना हरवलं" हे उत्तर आलं की किंमत कमी करायच्या भानगडीत पडू नका, गाडीच सोडा. कागद नसलेल्या इंजिनाला योग्य किंमत नसतेच.

घरबसल्या होणारी तपासणी

एमपरिवाहन ॲपवर किंवा परिवहनच्या वेबसाइटवर गाडीचा नंबर टाकला की बरीच कुंडली कळते. इंधन कुठलं, नोंदणी कधीची, फिटनेस आणि विमा कधीपर्यंत, कर्जाचा बोजा आहे का, चलन थकलंय का. इंधनाच्या रकान्यात पेट्रोल असेल आणि गाडी धडधडत डिझेलवर चालत असेल तर पुढे बोलण्यासारखं काही उरत नाही. महाराष्ट्रात नवीन खासगी गाडीचा कर पेट्रोलपेक्षा डिझेलला जास्त आहे. दहा लाखांपर्यंतच्या गाडीला पेट्रोलसाठी ११ टक्के तर डिझेलसाठी १३ टक्के. म्हणजे नोंद पेट्रोलची आणि वापर डिझेलचा, यात कराचाही प्रश्न आला.

इंजिनाच्या क्षमतेवरही लक्ष ठेवा. पहिल्या सीआरडीई स्कॉर्पिओचं इंजिन २६०९ सीसीचं, तर एमहॉक २१७९ सीसीचं. आरसीवर २६०९ आहे आणि बोनेटखाली कव्हरवर एमहॉक लिहिलंय, तर विकणाऱ्याने न सांगितलेली गोष्ट गाडीनेच सांगितली.

त्यानंतर प्रत्यक्ष नंबर. चासी नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही आरसीशी अक्षर-अक्षर जुळवायचे. इंजिन नंबर ब्लॉकवर ठोकलेला असतो, त्यावर वर्षानुवर्षांचं तेल आणि धूळ साचते. चिंधीला थोडं डिझेल लावून पुसा. आजूबाजूचा पृष्ठभाग ग्राइंडरने घासल्यासारखा चकचकीत, आकडे खालीवर, एखादाच आकडा खोल ठोकलेला किंवा तेवढ्याच भागाला ताजा रंग, असं दिसलं तर नंबर जुळत असला तरी गाडी घेऊ नये. न जुळणाऱ्या नंबरापेक्षा असा जुळवलेला नंबर जास्त धोक्याचा.

मिस्त्रीला सोबत न्या, पण या गोष्टी स्वतः बघा

गाडी बघायला सकाळीच जा आणि आधी सांगून ठेवा की इंजिन थंड असू द्या. पोचल्यावर बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर विकणाऱ्याने आधीच सुरू करून ठेवलंय. डिझेल इंजिन पेटतं ते हवा दाबून निर्माण झालेल्या उष्णतेवर, ठिणगीवर नाही. त्यामुळे आतला दाब कमी झालेलं इंजिन थंड असताना लवकर सुरू होत नाही, गरम असताना मात्र निमूट सुरू होतं. सुरू झाल्यावर तेल भरायचं झाकण सैल करून बघा. तिथून भकाभका धूर आणि वाफ येत असेल तर रिंगा गेल्यात. सायलेन्सरमधून निळा धूर म्हणजे तेल जळतंय. काळा म्हणजे पंप-नोझलचं किंवा हवेचं काम. गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला तर रेडिएटरचं पाणी आत जातंय का ते तपासायचं.

एवढं कुठल्याही जुन्या डिझेल गाडीला लागू आहे. बदललेल्या इंजिनाचे स्वतःचे वेगळे रोग असतात आणि त्यात सगळ्यात आधी ब्रेक येतो.

पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर थ्रॉटलची झडप असते, तिच्यामुळे आत निर्वात तयार होतो आणि त्याच्या जोरावर ब्रेकचा बूस्टर चालतो. डिझेलमध्ये तसा निर्वात मिळत नाही. म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो, बऱ्याच गाड्यांत तो आल्टरनेटरच्या मागे बसवलेला असतो. पेट्रोल गाडीत डिझेल इंजिन टाकताना हा पंप नीट जोडला नाही तर ब्रेक दगडासारखा लागतो. रिकाम्या गाडीत, गल्लीत चक्कर मारताना हे कळत नाही. सहा माणसं आणि दोन पोती घेऊन जिंतूरकडच्या उतारावर आल्यावर कळतं. तपासायची रीत सोपी आहे. इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, तो घट्ट होईल. पाय तसाच दाबून ठेवून इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. गेलं नाही तर बूस्टरला निर्वात मिळत नाही.

दुसरं, मागचं हाउसिंग. पेट्रोल इंजिन जास्त फिरतं, डिझेल कमी. पेट्रोल गाडीच्या क्राऊन-पिनियनवर डिझेल इंजिन टाकलं तर साठ-सत्तरच्या वेगालाच ते ओरडायला लागतं आणि हिशोबात धरलेलं मायलेज तिथेच संपतं. शिवाय डिझेलचा ओढा खालच्या वेगात जास्त असतो. तो झेलायला गिअरबॉक्स, क्लच आणि प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस बनवलेले नसतात. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर दिल्यावर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी वेग घेत नाही, म्हणजे क्लच घसरतोय.

गाडीखाली वाकून इंजिनाचे माउंटिंग बघा. कंपनीचे माउंटिंग साच्यातले, दोन्ही बाजूंना सारखे असतात. चासीवर वेल्डिंग केलेली पट्टी दिसली, एका बाजूला वायसर घालून उंची जुळवलेली दिसली, तर काम जुगाडाचं आहे. डिझेल इंजिन वजनदार असतं, त्या वेल्डिंगला तडा गेलाय का ते टॉर्च मारून बघायचं. नंतरच्या सीआरडीई इंजिनांना कॉम्प्युटर आणि वायरिंगचं जाळं लागतं. टेपने गुंडाळलेल्या वायरींचे झुपके दिसले की समजायचं, पावसाळ्यात गाडी कधी बंद पडेल याचा नेम नाही.

रेडिएटरही विसरू नका. इंजिन मोठं आणि रेडिएटर जुनाच, तर जानेवारीत सगळं ठीक वाटतं. परभणीचा मे महिना निघतो तेव्हा काटा लालमध्ये जातो. शक्यतो दुपारच्या उन्हात, एसी लावून, माणसं बसवून वीस-पंचवीस किलोमीटर चालवा आणि काटा बघा.

विमा, पासिंग आणि दिल्लीच्या गाड्या

विम्याच्या पॉलिसीवर इंजिन नंबर असतो. अपघातानंतर सर्व्हेअर आला आणि नंबर जुळला नाही, किंवा न कळवलेला बदल दिसला, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. समोरच्याला इजा झाली असेल तर प्रकरण आणखी लांबतं. शंभरेक रुपये वाचवायला कुणी इंजिन लपवत नाही, लपवतात ते पॉलिसी मिळणार नाही म्हणूनच.

दुसरा अडथळा पंधरा वर्षांचा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते, पुढे दर पाच वर्षांनी पासिंग करावं लागतं. तेव्हा गाडी आरटीओत उभी करावी लागते आणि नंबर तपासले जातात. एप्रिल २०२२ पासून चारचाकीच्या या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली आणि २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या गाड्यांसाठी १०,०००. तेरा-चौदा वर्षांची बदललेली गाडी एकाएकी विकायला निघाली असेल तर कारण बहुतेक वेळा हेच असतं. मालकाला माहीत असतं की ती पासिंगला उभी करता येणार नाही.

आणि एमएच-२२ ऐवजी डीएल किंवा एचआर पासिंगची गाडी असेल तर? दिल्ली परिसरात दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर एनजीटीने बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती कायम ठेवली. त्यानंतर तिकडच्या मोठ्या डिझेल एसयूव्ही स्वस्तात देशभर पसरल्या. त्यात चांगल्या गाड्या आहेत. पण एनओसी, इथला रोड टॅक्स आणि नवीन नंबर हे सगळं मिळून किती होतं ते परभणीच्या आरटीओत विचारून मगच भाव ठरवायचा. दुसऱ्या राज्याच्या नंबरावर बारा महिन्यांच्या पुढे गाडी इथे चालवता येत नाही.

मग घ्यायची का?

पेट्रोलची डिझेल केलेली गाडी, नाही. दुसऱ्याच कंपनीचं किंवा वेगळ्या क्षमतेचं इंजिन, नाही. मिस्त्रीने कितीही सुंदर काम केलेलं असो. अशी गाडी शेताच्या बांधापुरती चालेल, पण गंगाखेड-परभणी रस्त्यावर रोज घरची माणसं घेऊन जायला ती नाही. त्याच मॉडेलचं इंजिन, आरसीवर नोंद, बिल हातात आणि वरच्या तपासण्यांत पास, तर जरूर घ्या. उलट अशी गाडी मूळ इंजिनावर अडीच लाख किलोमीटर घासलेल्या गाडीपेक्षा बरी पडू शकते. आणि इंजिन नुसतं बांधलेलं असेल तर कुठल्या गॅरेजने बांधलं, काय सामान टाकलं, हे फोन करून विचारा. परभणी-नांदेडसारख्या ठिकाणी चांगलं काम करणारा मिस्त्री आपलं काम ओळखतो आणि सांगतोही.

व्यवहार ठरलाच तर पूर्ण पैसे एकदम देऊ नका. थोडं टोकन, साध्या कागदावर नाही तर स्टॅम्पवर लिहून, आणि त्यात एक ओळ घालायची: इंजिन आणि चासी नंबर आरसीप्रमाणे आहेत, तसे न निघाल्यास पैसे परत. ही ओळ लिहायला जो विक्रेता काचकूच करतो त्याच्या गाडीची तपासणी तिथेच संपते. बाकी रक्कम फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्यावर. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विकणाऱ्यालाही याची घाई असायला हवी, कारण आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, अपघाताची भरपाई त्याच्याकडून, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार प्रकरणात सांगितलंय. "नावावर करायची काय घाई, चालवा तशीच" असं विकणारा स्वतःहून म्हणत असेल, तर तो आरटीओच्या निरीक्षकासमोर बोनेट उघडायला का तयार नाही, हे त्यालाच विचारा.